कमान आणि काळी माती

मनुष्यानें चाक शोधून काढलें, तेव्हां प्रवासाचा अर्धाच प्रश्न सुटला. उरलेला अर्धा प्रश्न असा होता कीं, चाक आणि त्यावर बसणारा माणूस ह्यांच्या मधल्या जागेंत काय असावें? कित्येक शतकें त्या जागेंत कांहींच नव्हतें. दोन चाकें, त्यांमधून गेलेला एक आंस, त्यावर साटा आणि साट्यावर माणूस, एवढाच सरंजाम होता. पुढें त्या जागेंत कमान आली आणि वाहनांच्या इतिहासाला निराळें वळण लागलें.

कमान ही बसणाराच्या सुखासाठीं असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाहीं. परंतु अपुरी आहे. कमानीचें पहिलें काम चाक जमिनीला टेंकलेलें ठेवणें हें होय. जें चाक जमिनीवरून उचललें गेलें, त्याच्या योगानें गाडी थांबवितां येत नाहीं आणि वळवितांही येत नाहीं. बैलगाडीच्या चालीला हें सत्य कोणास जाणवलें नाहीं. शर्यतीच्या धर्तीवर बांधलेल्या, ज्यांस स्पोर्ट्‌स मोटारी म्हणतात, त्या वेगवान गाड्यांत मात्र तें क्षणार्धांत जाणवतें. आणि कधीं कधीं तें जाणवेपर्यंत फार उशीर झालेला असतो. ह्या सत्याचा माग नांदेड आणि लातूरच्या वाटांवरून घेणें उद्‌बोधक ठरेल, कारण तेथील काळ्या जमिनीनें गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत प्रत्येक नव्या वाहनाची परीक्षा घेतली आहे.

नांदेड गोदावरीच्या कांठीं वसलें आहे. लातूर बालाघाटच्या पठारावर, मांजरेच्या खोऱ्यांत आहे. दोन्हीकडील जमीन बव्हंशीं काळी, कापसाची. ह्या मातींतील चिकण भाग पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगतो आणि उन्हाळ्यांत आटून भेगाळतो. वर्षांतून एकदां फुगणारी आणि एकदां आकसणारी जमीन ज्या रस्त्याच्या पोटांत आहे, तो रस्ता सपाट राहणें कठीणच. पाणी प्रथम कडेनें मुरतें, म्हणून कडा आधीं उचलतात आणि मध्य मागाहून हलतो. परिणामीं रस्त्यावर खड्डे पडतातच, शिवाय लांब लांब लाटाही उठतात. खड्डा डोळ्यांस दिसतो. लाट दिसत नाहीं, ती फक्त गाडीला कळते.

जुन्या बैलगाडीनें ह्या जमिनीशीं आपल्या परीनें तडजोड केली होती. तिचीं चाकें मोठीं असत, म्हणून लहान खळगा चाकाच्या घेरांत सहज मुरून जाई. बैलांची चाल ताशीं ३-४ किलोमीटर. एकाच खळग्यावरून जातांना वेग दुप्पट झाला, तर धक्क्याचा जोर सुमारें चौपट होतो. ह्या हिशेबानें बैलगाडीच्या वाट्याला येणारा धक्का फारच थोडा. पावसाळ्यांत तर गाड्या बहुधा बसूनच राहात. उन्हाळ्यांत त्याच त्या वाटेनें गेलेल्या चाकांनीं दोन खोल चर पडत, त्यांस चाकोरी म्हणत. हा शब्द आज ठराविक आयुष्यक्रमास लावला जातो. मूळ अर्थ मात्र हाच कीं, जेथें रस्ता गाडीला चालवितो, गाडीवान चालवीत नाहीं. मंद गतीच्या वाहनाला चाकोरी सोयीची असते. वेगवान वाहनाच्या दृष्टीनें ती सांपळा ठरते.

युरोपांत वेगाची ओढ आधीं लागली. लंडनचा गाडी बांधणारा कारागीर ओबाडाया इलियट ह्यानें १८०४ सालीं लंबवर्तुळाकार पोलादी कमानींची पद्धत आणली. दोन वांकविलेल्या पाट्या-समूहांचीं टोंकें एकमेकांस जोडून तो जोड आंस आणि गाडीचा सांगाडा ह्यांच्यामध्यें बसविला जाई. त्याच सुमारास मॅकॅडमच्या पद्धतीनें बारीक खडी दाबून केलेल्या सडका तिकडे होऊं लागल्या. चांगली सडक आणि चांगली कमान हीं जोडीनेंच वाढलीं. आपल्याकडे हीच कमान टांग्याच्या आणि शिग्रामाच्या रूपानें शहरांत आली. खेडेगांवचा शेतकरी मात्र बिनकमानीच्या गाडींतूनच बाजार गांठीत राहिला.

लातूरच्या बाजारापर्यंत नवें वाहन पोंचलें, तें सडकेवरून नव्हे, तर रुळांवरून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज एंजिनियराच्या कल्पनेंतून १८९७ सालीं बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली आणि १९११ सालीं तिचा मार्ग लातूरपर्यंत आला. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. हलक्या, स्वस्त रुळांवरून भरपूर माल कसा न्यावा, हा कॅलथ्रॉपपुढील प्रश्न होता. त्याचें उत्तर असें कीं, कोणत्याही एका आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं. वाघिणी लांब करा, त्यांखालीं आंस अधिक द्या आणि भार सर्वांवर सारखा वांटा. म्हणजे रूळ हलके असूनही टिकतील. ह्या एका नियमानें लातूरचा कापूस आणि धान्य दूरच्या बाजारपेठांना जोडलें गेलें. ही रेल्वे १९५४ सालीं सरकारकडे गेली आणि २००७-०८ च्या सुमारास लातूरचा मार्ग रुंद रुळांचा झाला. पण तिचा धडा जुना झाला नाहीं. वाहन किती बलवान आहे, हा प्रश्न दुसरा. खालची वाट किती सोसते, हा प्रश्न पहिला.

मोटार आली ती प्रथम राजवाड्यांत. हैदराबादच्या निजामासाठीं १९१२ सालीं बांधलेली पिवळ्या रंगाची रोल्स-रॉइस गाडी चौमहल्ला राजवाड्यांत जपून ठेवलेली आहे. मराठवाड्याची प्रजा त्यावेळीं निजामाच्याच अंमलाखालीं होती. परंतु तिच्या वाट्याला मोटार आली ती सार्वजनिक गाडीच्या रूपानें. निजामाच्या सरकारी रेल्वेनें १९३२ सालीं २७ गाड्या घेऊन रस्ते-वाहतुकीचें खातें उघडलें. ह्या काळांतील मोटारगाड्यांच्या कमानी म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. त्यांची योजना पूर्ण भाराच्या हिशेबानें केलेली असे. भरलेली गाडी ठीक चाले. रिकामी झाली कीं तीच कमान अति ताठ होऊन गाडी प्रत्येक खळग्याला उडी घेई. कमान कडक कीं मऊ, हें कमानीच्या पोलादावर जसें अवलंबून आहे, तसेंच ती कोणता भार वाहते ह्यावरही आहे, ही गोष्ट येथें ध्यानांत घ्यावी; कारण पुढें स्पोर्ट्‌स मोटारीच्या बाबतींत हाच मुद्दा निराळ्या वेषांत उभा राहातो.

पाट्यांच्या कमानींत एक गुण आपोआप असतो. पाटे एकमेकांवर घांसतात आणि त्या घर्षणानें झोका लवकर निवतो. वेग वाढतांच एवढें घर्षण पुरेसें पडेना. दाबलेली कमान उसळते, पुन्हां दबते, पुन्हां उसळते. आणि प्रत्येक उसळीला चाकाची जमिनीवरील पकड सैल होते. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समधील ट्रुफो ह्यानें घर्षणाच्या चकत्यांचा झोका-रोधक केला, व अमेरिकेंत हार्टफर्डनें त्याचा प्रसार केला. चकत्यांचा दोष असा कीं, लहान धक्क्याला त्या हटून बसतात आणि मोठ्या धक्क्याला मात्र सुटतात. जें हवें त्याच्या नेमकें उलट! पुढें तेलाच्या नळकांड्याचे रोधक आले. त्यांत तेलाला बारीक छिद्रांतून जावें लागतें. हालचाल सावकाश असेल तर तेल मुकाट्यानें वाट देतें, जोराची असेल तर जोरानें अडवितें. आज मिस्त्रीलोक ज्यास ‘शॉक’ म्हणतात, तो हाच. कमान धक्का झेलते; रोधक तिची उसळी आवरतो. ह्या दोहोंपैकीं एकाचेंच बळ वाढविलें, तर दुसरा हतबल होतो.

ह्या विषयाला शास्त्राची बैठक देणारांत मॉरिस ओली ह्याचें नांव अग्रगण्य आहे. हा रोल्स-रॉइसच्या परंपरेंत तयार झालेला इंग्रज एंजिनियर १९३० सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारींच्या कामावर गेला. वजनें मागेंपुढें सरकवितां येतील अशी एक प्रयोगाची गाडी करून त्यानें माणसांना तींत बसविलें आणि झोक्यांचा अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष विलक्षण होता. पुढच्या कमानी मागच्यांपेक्षां मऊ असाव्यात. कारण उघड आहे: रस्त्यावरचा उंचवटा पुढच्या चाकांना आधीं लागतो, मागच्यांना क्षणभरानें. मागची कमान जरा चपळ असेल, तर ती पुढचीला गांठते व गाडी डुलण्याऐवजीं सपाट वरखालीं होते. पुढच्या दोन चाकांस एका आंसाला न जखडतां स्वतंत्र कमानी द्याव्यात, हें धोरणही त्याच्या प्रयत्नानें १९३४ च्या सुमारास अमेरिकन गाड्यांत आलें. एका चाकाखालीं दगड आला म्हणून दुसऱ्यानें कलावें, ही बैलगाडीच्या आंसाची रीत तेव्हां मागें पडूं लागली.

येथून स्पोर्ट्‌स मोटारीची खरी गोष्ट सुरू होते. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस कलते आणि बाहेरच्या चाकांवर भार वाढतो. टायरचा स्वभाव असा आहे कीं, भार दुप्पट झाला तरी त्याची पकड दुप्पट होत नाहीं. कांहींशी कमीच वाढते. म्हणून ज्या आंसावरील भार एका चाकाकडून दुसऱ्याकडे अधिक जातो, त्या आंसाची एकंदर पकड आधीं सुटते. पुढची कमान अधिक ताठ केली, तर पुढचीं चाकें आधीं घसरतात आणि गाडी वळणाबाहेर सरळ जाऊं पाहाते. मागची अधिक ताठ केली, तर शेपूट सुटतें आणि गाडी भोंवऱ्यासारखी फिरते. पहिला दोष सामान्य चालकाला उमगतो. तो पाय ढिला करतो व गाडी सांवरते. दुसरा सांवरण्यास कसलेला हात लागतो.

मर्सिडीज-बेंझची १९५४ ची ३०० एस्. एल्. ही गाडी ह्याचें प्रसिद्ध उदाहरण होय. तिचीं दारें पक्ष्याच्या पंखांसारखीं वर उघडत आणि तिचा वेग सर्वांस थक्क करी. परंतु तिच्या मागच्या आंसाचे दोन भाग मध्यावर उंच बिजागरीनें जोडलेले होते. वळणांत चालकानें घाबरून एकाएकीं पाय उचलला, तर गाडीची मागची बाजू वर येई, चाकें आंत दुमडत आणि शेपूट सुटे. १९५७ च्या उघड्या आवृत्तींत ती बिजागरी खालीं आणून हा दोष पुष्कळ कमी केला गेला. एंजिन बलवान होतें, चालकही बहुधा तयारीचे असत. उणें होतें तें चाकाच्या टेंकण्यांत.

ह्याच्या उलट मार्ग इंग्लंडांतील कॉलिन चॅपमन ह्यानें दाखविला. १९६२ सालची त्याची लोटस एलान ७०० किलोहून हलकी होती आणि तिच्या कमानी मऊ होत्या. स्पोर्ट्‌स मोटार म्हणजे ताठ कमान, ही समजूत तिनें खोटी पाडली. खडबडीत ग्रामीण रस्त्यावर मऊ कमानीचें चाक खळग्यांत उतरतें, बाहेर येतें, पण जमीन सोडीत नाहीं. ताठ कमानीचें चाक खळग्यावरून उडी मारतें. शर्यतीचा मार्ग आरशासारखा असतो, तेथें ताठपणा शोभतो. लोकांच्या रस्त्याचा न्याय निराळा.

महाराष्ट्रालाही हा न्याय अनुभवानें ठाऊक होता. लातूरच्या शेजारच्या सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांतून निघालेली फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रस्त्यांवर दिसे. पुढें स्वतंत्र गुंडाळी कमानी, मागें जुन्या धर्तीचे पाटे. तिचा वेग बेताचा, पण खळगे सोसण्याची तिची ताकद मोठी. पाटा तुटला तर तालुक्याच्या गांवींही तो बदलून मिळे.

एकविसाव्या शतकांत चित्र पालटलें. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथील शेंद्रा वसाहतींत २००१ सालीं स्कोडाचा कारखाना उभा राहिला. २०१० सालच्या ऑक्टोबरांत त्याच शहरांतील ग्राहकांनीं एकत्र येऊन मर्सिडीज-बेंझच्या १५० गाड्या एकदम घेतल्या. किंमत सुमारें ६५ कोटि रुपये. त्या बातमीनें देश चकित झाला. मराठवाडा दरिद्री आहे, ह्या समजुतीला तो टोला होता. परंतु गाडी जर्मनीच्या धर्तीची आणि रस्ता काळ्या मातीवरचा, हा जुना पेंच त्या दिवसापासून घरोघरचा झाला. तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चौपदरी होऊं लागल्यानें वेगाला मोकळीक मिळाली. महामार्ग सोडून गांवाकडे वळलें, कीं माती पुन्हां आपलें म्हणणें मांडते. पावसाळ्यांत ट्रॅक्टरच्या चाकांनीं शेतांतला चिखल डांबरावर येतो, आणि साखर कारखान्यांच्या हंगामांत उसाच्या गाड्यांच्या ओझ्यानें कडा खचतात.

आतां थोडा हिशेब पाहूं. प्रत्येक गाडीला झोपाळ्यासारखा स्वतःचा एक झोका असतो. मऊ कमानीच्या घरगुती गाडीचा झोका सेकंदाला एकदां किंवा किंचित् अधिक. ताठ कमानीच्या स्पोर्ट्‌स मोटारीचा सेकंदाला दोनदां धरावा. समजा, फुगलेल्या काळ्या मातीनें रस्त्यावर ११-११ मीटरांवर लाटा उठविल्या आहेत. ताशीं ८० किलोमीटर वेगानें गाडी सेकंदाला सुमारें २२ मीटर जाते. म्हणजे तिला सेकंदाला बरोबर दोन धक्के बसतात. झोपाळ्याला त्याच्याच तालांत धक्के दिले, तर झोका वाढतच जातो. तोच प्रकार येथें होतो आणि रोधक दुबळा असेल, तर चाकें जमीन सोडूं लागतात. मऊ गाडीची हीच अवस्था ताशीं ४५ किलोमीटरच्या आसपास येते. त्या वेगाला ती सांवरतां येते, आणि ८० च्या वेगाला तिनें तो ताल मागें टाकलेला असतो. सारांश, कमान ताठ केल्यानें संकट टळत नाहीं. तें अधिक वेगाच्या ठिकाणीं जाऊन दबा धरून बसतें.

ह्या हिशेबाच्या प्रकाशांत आजच्या एका हौसेचा विचार झाला पाहिजे. गाडी जमिनीलगत दिसावी म्हणून कांहीं तरुण गुंडाळी कमानीचे एक-दोन वेढे कापवितात. कापलेली कमान आंखूड होते, आणि उरलेल्या थोड्या वेढ्यांवर सारा ताण आल्यानें अधिक ताठही होते. चाकाला वर सरकण्यास जागा उरत नाहीं. मोठा खळगा आला, कीं चाक सांगाड्याजवळच्या रबरी ठोकळ्यावर आदळतें. त्या क्षणीं कमान संपते आणि गाडी बिनकमानीची बैलगाडी बनते. फरक एवढाच कीं, बैलगाडी ताशीं ४ किलोमीटर चालते आणि ही ८० नें. हें वळणावर, मागच्या चाकाच्या बाबतींत घडलें, तर शेपूट सुटण्यास दुसरें कारण लागत नाहीं. आणि त्या शेपटाच्या टप्प्यांत सायकलवरून शाळेस निघालेलीं मुलेंही असूं शकतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ मूळ उत्पादकाच्या तपशिलाशीं विसंगत असे बदल करण्यास मज्जाव करतें आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत तें कलम कडकपणें लागू केलें. ह्या नियमामागें केवळ कागदी शिस्त नाहीं, हें वरील विवेचनावरून कळून येईल.

मग वेगाची हौस असणारानें काय करावें? शास्त्राचें उत्तर साधें आहे. कमान रस्त्याच्या मानानें मऊ असावी, चाकाला वरखालीं होण्यास भरपूर जागा असावी, रोधक सशक्त व ताजा असावा आणि टायरमधील हवा उत्पादकानें सांगितली तेवढीच ठेवावी. कारण हवेचा टायर ही देखील एक कमानच आहे. तेल गळणारा रोधक वेळेवर बदलणें हें नव्या चकचकीत चाकांपेक्षां अधिक मोलाचें. विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर असेही रोधक निघाले आहेत कीं, ज्यांच्या तेलांत लोहाचे सूक्ष्म कण असतात आणि विजेच्या चुंबकानें तें तेल क्षणांत घट्ट वा पातळ होतें. अमेरिकन व जर्मन स्पोर्ट्‌स मोटारींत ते बसविले जातात. गाडी स्वतःच रस्ता जोखून आपली कमान संभाळूं लागली, हा ह्या इतिहासाचा ताजा टप्पा होय.

तरीही अशा गाडीलासुद्धां काळी माती मोजल्याशिवाय चालत नाहीं. कॅलथ्रॉपनें लातूरच्या वाटेवर प्रथम रूळ किती सोसेल तें पाहिलें आणि मग वाघीण बांधली. ओलीनें आधीं उंचवटा पाहिला आणि मग कमान ठरविली. नांदेडहून लातूरला वेगानें जाऊं इच्छिणाऱ्या प्रत्येकानें हाच क्रम ठेवावा: आधीं रस्ता, मग कमान, आणि सर्वांच्या शेवटीं वेग.